तिसरं पेडल

हल्लीची पोरं ऑटोमॅटिक गाडी घेतात आणि चावी बोटाभोवती फिरवत मला सांगतात, "आजोबा, हिला क्लचच नाही." मी नुसता हसतो. अशी गाडी मी चिंचवडात पोटापर्यंत उघडली, तेव्हा या पोरांच्या बापांना सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पेडलसुद्धा मारता येत नव्हतं. उघडली आणि तिचं ते ऑटोमॅटिक की काय ते मुळासकट काढून टाकलं. त्या कामाचा मला तेव्हा भारी अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो, पण आता ती गाडी आठवली की गिअरबॉक्सच्या आधी केसरबाईचा पाय आठवतो.

गाडी होती शरच्चंद्र साहेबांची. साहेबांचा चिंचवडला ओतकामाचा छोटा कारखाना होता. शेतीच्या पंपांचे बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग तिथे ओतले जात आणि भोसरी, मोशी करत चाकणच्या बाजारपेठेत जात. पिंपरीच्या कुठल्याशा कारखान्यात मशिनं बसवायला आलेला एक ऑस्ट्रेलियन इंजिनिअर ती पिकअप बोटीनं घेऊन आला होता. परत जाताना ती इथेच विकून गेला, आणि साहेबांनी हौसेनं घेतली. फिकट हिरवा रंग, पुढे या दारापासून त्या दारापर्यंत एकच लांब सीट, आणि पायाशी फक्त दोन पेडलं. त्यातलं ब्रेकचं तर पोळपाटाएवढं.

ती चालवायचा ज्योतीराम. बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून बायकोला घेऊन आलेला, काळेवाडीत पत्र्याच्या खोलीत राहणारा. आधी तो साहेबांच्या ट्रकवर होता. एकदा कारखान्यात माल उतरवताना पंपाचा एक सांगाडा त्याच्या डाव्या पायावर पडला. पाय वाचला, पण घोटा आखडला तो आखडलाच. टेकता यायचा, लंगडत चालता यायचं, दाबता मात्र काही यायचं नाही. आणि क्लच दाबता येत नाही त्याला ड्रायव्हर कोण म्हणणार? नेमकी त्याच सुमाराला ही बिनक्लचची गाडी आली, आणि साहेबांनी चावी ज्योतीरामच्या हातात दिली. तो दिवस आपल्या लग्नापेक्षा मोठा होता, असं तो केसरबाईसमोरच सांगायचा. केसरबाई म्हणायची, "व्हय, लग्नात ह्यांना एवढं हसताना म्या न्हाई पाह्यलं."

साधारण चार वर्षं गाडी छान चालली. मग त्या इंजिनिअरनं मागे ठेवलेलं तिचं लाल तेल संपलं. या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला एक खास तेल लागतं. आपल्याकडे तेव्हा ते ना पिंपरीत, ना पुण्यात. कोणीतरी साधं इंजिन ऑइल ओतलं आणि आतल्या पट्ट्या जळाल्या. गाडी बैलांनी ओढून माझ्या गॅरेजला आणली गेली. माझं गॅरेज काळेवाडीच्या रस्त्याला एका कडुलिंबाखाली होतं. त्या दिवशी बैल गॅरेजमध्ये आलेले बघून रस्त्यावरचे सायकलवाले थांबून हसत होते, आणि ज्योतीराम स्टिअरिंग धरून मान खाली घालून बसला होता.

साहेब संध्याकाळी आले. म्हणाले, "अनंतराव, हे काढून टाका आणि साधा गिअरबॉक्स बसवा. जमेल?"

जमेल का, हा प्रश्न मला विचारायचा नाही. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. गंमत अशी, की होकार देताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त गिअरबॉक्स होता. साहेब निघताना हळू आवाजात म्हणाले, "ज्योतीरामला गेटवर बसवतो. पगार तोच ठेवीन. मारुतराव म्हणून एक ड्रायव्हर पाहून ठेवलाय." तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ज्योतीराम चार हातांवर उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

माणूस भला होता हो शरच्चंद्र साहेब, त्यांना उगाच नावं ठेवू नका. दुसऱ्या कोणी लंगड्या माणसाला पगारही दिला नसता. पण ज्योतीरामला गेट नको होतं. तो मला म्हणाला, "अनंतभाऊ, गेटावर बसलेला मानूस दुसऱ्याच्या गाड्या मोजतो. आपल्यानं न्हाई व्हायचं." एवढंच बोलला आणि बाह्या वर करून माझ्याबरोबर गाडीखाली आला.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला अजून छळतं. मी बसवायचो तो एकेक भाग त्या माणसाला गाडीतून बाहेर ढकलत होता, आणि तोच मला पाने काढून देत होता. गिअरबॉक्स आम्ही देहूरोडच्या मिलिटरीच्या भंगारातून आणला, तोही त्यानंच शोधला. इंजिन आणि तो गिअरबॉक्स एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते, म्हणून मधे बसेल अशी जाड पोलादी चकती मी लेथवर कातली. मागच्या चाकांना जाणारा शाफ्ट आखूड पडला, तो मधे नळी घालून वाढवला. फरशी कापून गिअरचा दांडा वर काढला. पोळपाटाएवढं ब्रेकचं पेडल कापून नेहमीएवढं केलं आणि शेजारी तिसरं पेडल लावलं, क्लचचं.

सगळं झाल्यावर चावी फिरवली तर हूं नाही की चूं नाही. अर्धी सकाळ मी बॅटरीला, स्टार्टरला आणि ऑस्ट्रेलियाला शिव्या दिल्या. शेवटी लक्षात आलं, स्टार्टरची वायर जुन्या गिअरच्या दांड्यातून जात होती आणि तो दांडा मी स्वतःच भंगारात टाकला होता. वायर जोडल्यावर गाडी लगेच सुरू झाली. ज्योतीराम हसला. मग हसू ओसरलं, आणि तो त्या नव्या पेडलाकडे बघत राहिला.

मी काही हात टेकून बसणारा नाही. म्हटलं, पायानं नाही तर हातानं. सीटशेजारी एक लांब दांडा उभा केला, ओढला की क्लच सुटायचा. पण मिलिटरीच्या त्या क्लचची स्प्रिंग अशी दांडगी, की दांडा ओढायला डावा हात खांद्यापासून लावावा लागे, आणि गिअर टाकायलाही हात डावाच. उजवा सोडला तर स्टिअरिंग कोण धरणार? ज्योतीराम दांडा ओढायचा, सोडायचा, गिअरकडे झेपायचा, तोवर क्लच परत लागलेला. गाडी दोनदा माझ्या कडुलिंबाला धडकली. मी दांडा उपटून फेकून दिला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि घरी बायकोवर उगाच ओरडलो.

दुसऱ्या दिवशी केसरबाई भाकरी घेऊन आली. ती काळेवाडीत पायाच्या मशीनवर ब्लाउज शिवायची; बोलायला मोकळी, पण परक्यांपुढे डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. मी गाडीखाली क्लचच्या सळ्या जुळवत पडलो होतो, ज्योतीराम शेजारी उजेडाला हातबॅटरी धरून. वर पेडल दाबायला कोणी नव्हतं. मी खालूनच म्हणालो, "वहिनी, जरा गाडीत बसून ते डावीकडचं पेडल दाबता का? मी सांगेन तेव्हा."

ती दाराशी घुटमळली. म्हणाली, "ह्यांच्या जागेवर कशी बसू, भाऊ?"

"अहो, गाडी उभी आहे. बसा."

"उभी असली तरी जागा ह्यांचीच की."

मला हसू आलं आणि रागही आला. पण ती काही ऐकेना. दुसऱ्या बाजूनं चढून त्याच्या जागेच्या कडेपर्यंत सरकली आणि तिथूनच उजवा पाय लांब करून पेडल गाठलं. मी म्हणालो, दाबा. पेडलाबरोबर मागेपुढे होणारा क्लचचा काटा खालून मला हलताना दिसत होता. म्हणालो, सोडा. आणि मी बघतच राहिलो. काटा असा हळू मागे आला, की कुठे झटका नाही, कुठे अडखळ नाही. रोज शिलाईच्या अंदाजानं मशीन हळू-जोरात चालवणारा पाय होता तो. मी परत म्हणालो, दाबा. परत सोडा. मग मी ज्योतीरामकडे पाहिलं. तोही काट्याकडेच बघत होता.

त्या दुपारी मी पेडलाचा दांडा तापवून डावीकडे वाकवला. आता ते पेडल ना ड्रायव्हरचं राहिलं ना पाहुण्याचं; सीटच्या बरोबर मध्यावर, केसरबाईच्या उजव्या पायाखाली. असलं पेडल जगातल्या कुठल्याही कंपनीनं केलं नसेल आणि करूही नये. कोणा इंजिनिअरनं पाहिलं असतं तर मला गॅरेज बंद करायला लावलं असतं.

सरावाला आम्ही महाळुंग्याकडचा कच्चा रस्ता धरला. तेव्हा तिकडे कारखाना औषधालाही नव्हता. दोन्ही बाजूंनी ज्वारी, मधे बाभळी, आणि एखादी म्हैस. मी मागे हौद्यात उभा राहायचो. आधी ज्योतीराम तोंडानं सांगायचा, दाब, सोड. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू जायचं नाही. मग त्यांनी आपसात काय ठरवलं ते मला कोणी सांगितलं नाही, पण मागच्या काचेतून मला दिसायचं. ज्योतीरामचा डावा कोपर तिच्या दंडाला टेकला की ती दाबायची. कोपर उचलला की सोडायची. चार-पाच सकाळी गेल्या आणि गाडी अशी पळू लागली, की मी हौद्यात उभा राहून बिडी पेटवायचो आणि तोल जायचा नाही. केसरबाई मोठ्यानं हसायची. तेवढं हसू मी त्या रस्त्यावर नंतर कधी ऐकलं नाही.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत बसले. "अनंतराव, चेष्टा करताय?" म्हणाले. मग म्हणाले, "दाखवा. जमलं तर जमलं. नाही जमलं तर मारुतराव सोमवारपासून येतोय."

सोमवारी सकाळी गाडी कारखान्याच्या गेटपाशी आणली. मीच डावा पाय लांबवून कशीबशी चालवत आणली, कारण केसरबाई घरून तयार होऊन परस्पर येणार होती. चहाची सुट्टी होती. ओतकामाचे सगळे गडी काळी तोंडं घेऊन भिंतीवर बसले होते. मारुतराव नवी खाकी घालून साहेबांच्या मागे उभा. केसरबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली. एवढी माणसं पाहून तिनं पदर आणखी पुढे ओढला.

ज्योतीराम बसला. ती डाव्या बाजूनं चढली आणि दाराला चिकटून बसली.

अगदी चिकटून. त्या दोघांमधे आणखी दोन माणसं बसली असती. गावाकडच्या बाईला चार पुरुषांसमोर नवऱ्याच्या अंगाला अंग लावून बसवायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. महाळुंग्याला म्हशींसमोर ते जमून गेलं होतं. इथे अख्खा कारखाना होता, मालक होता. ज्योतीरामनं चावी फिरवली. कोपर बाजूला नेला. कोपर हवेत राहिला. मालकापुढे तो बायकोला सरक म्हणेना, आणि ती आपणहून सरकेना. तिनं पाय लांबवला, पण बोटंच काय ती पेडलाला लागली. गिअर करकरला, गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. भिंतीवर हशा पिकला. दुसऱ्या वेळेस तर गाडी मागेच गेली.

साहेब पुढे झाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "ज्योतीराम, उतर. तू प्रयत्न केलास. गेटवरची खुर्ची तुझीच आहे."

ज्योतीरामनं दार उघडलं. उजवा पाय खाली टाकला. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी बॉनेटकडे बघत राहिलो.

"आवं, बसा," केसरबाई म्हणाली.

मी मान वर केली. तिनं पदराचं टोक कमरेला खोचलं होतं. चप्पल काढून दाराशी ठेवली, आणि सगळ्या कारखान्यासमोर सरकत सरकत थेट नवऱ्याच्या अंगाला लागून बसली. अनवाणी पाय पेडलावर ठेवला. चेहरा लालेलाल झाला होता, पण डोळे साहेबांवर होते.

"साहेब, ह्यांचा पाय तुमच्या कामात गेला. आमी कधी बोललो न्हाई. माझा पाय धड हाय. तेवढा ह्यांना वापरू द्या."

भिंतीवर कोणी हसलं नाही. ज्योतीरामनं पाय आत घेतला, दार लावलं. डावा कोपर तिच्या दंडाला टेकला, मालकासमोर, गड्यांसमोर, भर दिवसा. गिअर पडला, तो पडल्याचं कळलंसुद्धा नाही. गाडी गेटाबाहेर गेली, वळली, आवाज बदलत बदलत दूर गेला: पहिला, दुसरा, तिसरा. मी रडलो. साहेबांनी विचारलं तेव्हा डोळ्यात लेथचा किस गेला म्हणालो. साहेब म्हणाले, "अनंतराव, लेथ तुमच्या गॅरेजला आहे." त्यांनीही चष्मा पुसला. मारुतरावाला त्यांनी ट्रकवर घेतलं, आणि केसरबाईला क्लीनर म्हणून हजेरीवर.

पुढची वर्षं काय सांगू? भोसरीपासून चाकणपर्यंत त्या हिरव्या गाडीला ओळखत नाही असा टपरीवाला नव्हता. सकाळचा भोंगा झाला, सायकलींचा लोंढा कारखान्यांकडे वळला, की त्या लोंढ्यातून वाट काढत दोघे निघायचे. पंपांचे भाग चाकणला उतरवायचे आणि येताना कांद्याची एखादी गोणी घरासाठी आणायचे. मोशीच्या पुलावर थांबून भाकरी खायचे. दोघांचं भांडण झालं की साऱ्या रस्त्याला कळायचं, कारण त्या दिवशी गाडी हिसके देत जायची. मोशीचा चहावाला विचारायचा, "आज काय झालं, वहिनी?" केसरबाईला ताप आला की साहेबांचा माल कारखान्यातच पडून राहायचा. साहेब कुरकुर करायचे आणि तिच्यासाठी गोळ्या पाठवायचे. मी वर्षातून एकदा क्लच प्लेट बघायचो. इतकी कमी झिजलेली प्लेट मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिली नाही.

काय दिवस होते ते. लोक म्हणतात, तेव्हा काहीच मिळत नव्हतं. मिळत नव्हतं हे खरंच आहे. त्या लाल तेलाचा एक डबा जरी पिंपरीत मिळाला असता, तरी हे सगळं घडलं नसतं.

एक्याऐंशीला गाडीची चासी तडकली. मी दोनदा जोडली, तिसऱ्यांदा साहेबांनीच हात जोडले. नवीन टेम्पो आला. त्याचं इंजिन दोन सीटांच्या मधोमध, पेटाऱ्यासारखं. तिकडून इकडे पाय पोचायला वाटच नव्हती. मी कुठून कसा दांडा काढता येईल म्हणून टेम्पोखाली शिरलो, तर ज्योतीरामनं माझी तंगडी धरून ओढलं. "राहू द्या, अनंतभाऊ. लई फिरलो आमी." तो गेटवर बसला. मी संतापलो, त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. तो मात्र शांत होता. केसरबाई परत ब्लाउज शिवू लागली.

त्यानंतरच्या वर्षी मी एका लग्नाला खेडला चाललो होतो. स्कूटर नेमकी बंद पडलेली, म्हणून एसटी धरली. भोसरीला ज्योतीराम आणि केसरबाई चढले. त्यांनी मला पाहिलं नाही. माझ्या पुढच्याच बाकावर बसले, ती खिडकीशी, तो तिच्या उजवीकडे, जसे गाडीत बसायचे तसेच. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात एसटीनं असा हिसका दिला की हाक राहूनच गेली. ड्रायव्हर नवखा होता. प्रत्येक गिअर असा करकरत टाकायचा, की माझे दात आंबायचे.

मोशीचा चढ लागला. इंजिन दमलं, आवाज खाली आला, आता गिअर बदलायलाच हवा होता. मी दात आवळले. तेवढ्यात ज्योतीरामचा डावा कोपर हलला आणि केसरबाईच्या दंडाला टेकला. ती खिडकीतून बाहेर बघत होती. ज्वारी, बाभळी, पूल. तिनं मान वळवली नाही. बाकाखाली तिचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला आणि एसटीच्या फळीवर हळू दाबला गेला. कोपर उचलला, पाय तसाच सावकाश सुटला.

आणि गिअर पडला, जराही आवाज न करता. ड्रायव्हरनं मिशीवरून हात फिरवला. त्याला वाटलं असेल, आपणच टाकला.